सांधा कोणाच्या मालकीचा? बाह्य ग्राफिक्स कार्डांचा पूर्वेतिहास

१/
लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याचा विषय निघाला की चर्चा वेगाच्या आकड्यांवर जाऊन थांबते. सेकंदाला किती फ्रेम मिळतात, केबलमुळे किती वेग वाया जातो, कोणते कार्ड घेतले तर पैसे वसूल होतात. हे प्रश्न निरर्थक नाहीत. पण इतिहासाच्या विद्यार्थिनीने या यंत्रांच्या मागच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांकडे पाहिले तर तिला निराळीच गोष्ट खटकते. कार्ड धडधाकट आहे, लॅपटॉपही चालू आहे, पण त्या दोघांमधला सांधा कंपनीने सोडून दिला म्हणून दोन्ही एकमेकांना निरुपयोगी झाले, असे या काळात पुन्हा पुन्हा घडले आहे. आजचा धागा त्या सांध्याविषयी.

२/
फ्रेमवर्कसारख्या, भाग सुटे करून बदलता येणाऱ्या लॅपटॉपांमुळे हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकते. अशा लॅपटॉपची पारख त्यात आज कोणते कार्ड बसते यावरून करू नये. ते ज्या सांध्यातून बसते त्याचा आराखडा उघड आहे का, आणि तो सांधा मूळ कंपनीवाचून दुसरे कोणी बनवतात का, हे आधी पाहावे. वेग काहीसा कमी मिळाला तरी सामाईक सांधा पत्करावा. या मताला आक्षेप आहेत, त्यांतला एक बराच वजनदार आहे. त्याकडे येईनच, पण आधी थोडे मागे जाऊ.

३/
ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्र रेखाटण्यासाठी खास घडवलेला संगणकाचा भाग. एकाच जातीची हजारो लहान गणिते एकाच वेळी करण्यात तो तरबेज असतो. म्हणून खेळांखेरीज चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आरेखन, यंत्राला अक्षरओळख शिकवणे अशा कामांतही तो लागतो. डेस्कटॉपमध्ये हे कार्ड मदरबोर्डवरच्या एका लांब स्लॉटमध्ये बसते. स्क्रू काढला, जुने उपसले, नवे बसवले. लॅपटॉपमध्ये जागा, वीज आणि उष्णता बाहेर टाकण्याची सोय या तिन्हींची टंचाई. तिथे ही चिप बहुधा मदरबोर्डलाच डाख देऊन पक्की केलेली असते. चिप मागे पडली की अख्खा लॅपटॉप मागे पडतो.

४/
बाह्य कार्ड ही या अडचणीवर शोधलेली वाट. कार्ड आणि त्याचा वीजपुरवठा एका डब्यात ठेवायचा, डबा टेबलावर, मध्ये एक केबल. बाहेर जाताना केबल काढायची आणि हलका लॅपटॉप घेऊन निघायचे. कल्पना सुबक आहे. नवी मात्र मुळीच नाही.

५/
१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यात विस्तारासाठी पाच स्लॉट होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची तांत्रिक पुस्तिका कोणालाही विकत घेता येत असे. स्लॉटच्या कोणत्या टोकाला कोणता संकेत येतो, विद्युत मंडलांचे आराखडे कसे आहेत, इतकेच काय, यंत्र सुरू करणाऱ्या बायॉस या आज्ञावलीच्या ओळीही त्यात छापलेल्या होत्या. हे औदार्य होते असे समजण्याचे कारण नाही. यंत्र लवकर बाजारात आणायचे म्हणून आयबीएमने बाहेरचे तयार भाग वापरले होते, आणि त्याच्यासाठी कार्डे बनवणारे इतर कारखानदार तिला हवेच होते.

६/
हेतू काहीही असो, त्या उघड्या स्लॉटमधून काय काय आत आले पाहा. व्हॅन सुवन्नुकुल हा थायलंडमधून अमेरिकेत शिकायला गेलेला विद्यार्थी. त्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता, आणि आयबीएमच्या रंगीत ग्राफिक्स कार्डावर पडद्यावरचे ठिपके इतके मोठे पडत की थाई अक्षरांची वळणे त्यात धड उमटत नसत. त्याने स्वतःच कार्ड बनवले. आडवे ७२० आणि उभे ३४८ ठिपके दाखवणारे ते हर्क्युलीस कार्ड १९८२ मध्ये आले, आणि पुढे त्याच नावाची कंपनी ग्राफिक्स कार्डांच्या व्यवसायात नावारूपाला आली. आयबीएमचा परवाना त्याला मागावा लागला नाही; पुस्तिका वाचली, स्लॉटची मापे घेतली, काम झाले.
(लिपीच्या पोटी जन्मलेले ग्राफिक्स कार्ड! देवनागरीवाल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.)

७/
त्या पुस्तिकेचे दुसरे अपत्य म्हणजे कॉम्पॅक आणि तिच्यामागून आलेली 'सुसंगत' यंत्रांची रांग. बायॉसवर आयबीएमचा स्वामित्वहक्क होता, म्हणून कॉम्पॅकने मूळ आज्ञावली न पाहिलेल्या लोकांकडून तशीच वागणारी नवी लिहवून घेतली. स्लॉटवर मात्र कोणाचा पहारा नव्हता. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हिंडून 'असेंबल्ड' संगणक जुळवून घेण्याची जी रीत पडली, तिचे मूळ इथे आहे. मदरबोर्ड एकाचा, कार्ड दुसऱ्याचे, कॅबिनेट तिसऱ्याचे आणि जुळवून देणारा चौथा. आपल्या घरात पहिला संगणक असा आला असेल तर १९८१ च्या त्या स्लॉटचे आपणही लाभार्थी आहात.

८/
आयबीएमला हा उघडेपणा पुढे बोचू लागला. एप्रिल १९८७ मध्ये तिने पीएस/२ ही नवी मालिका आणली आणि तिच्यात मायक्रो चॅनल नावाचा नवा सांधा दिला. तांत्रिक दृष्ट्या तो जुन्याहून निश्चित सरस होता. पण जुनी कार्डे त्यात बसत नव्हती, आणि इतरांना तो वापरायचा तर आयबीएमला स्वामित्वधन मोजावे लागणार होते. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपला निराळा सांधा जाहीर केला. त्यात जुनी कार्डेही बसत. तो सांधा स्वतः फार पसरला असे नाही. सर्वांचा झाला तो १९९२ मध्ये इंटेलने आणलेला पीसीआय. पण मायक्रो चॅनलही नव्वदच्या दशकात लयाला गेला, आणि तो गेला तेव्हा त्याच्या वेगाविषयी कोणाची तक्रार नव्हती.

९/
आता डब्याकडे वळू. १९८३ मध्ये आयबीएमनेच ५१६१ क्रमांकाचा एक विस्तार-डबा विकायला काढला होता. मूळ संगणकात एक कार्ड, त्यातून निघालेली जाड केबल, पलीकडे आणखी स्लॉट असलेला दुसरा डबा, त्याला स्वतःचा वीजपुरवठा. आजच्या बाह्य ग्राफिक्स डब्याचे वर्णन करायचे तर हेच शब्द पुरतील. फरक इतकाच की तेव्हा दोन्ही टोकांना जड यंत्रेच होती.

१०/
एका टोकाला हलका लॅपटॉप आणणारा पहिला नामांकित प्रयोग ॲपलचा, ऑक्टोबर १९९२ चा. पॉवरबुक ड्युओ. दोन किलोंहून हलका. त्यासाठी फ्लॉपीचा खणसुद्धा काढून टाकलेला. पहिल्या दोन मॉडेलांचा पडदा करड्या छटांचा होता, रंगीत नव्हता. घरी परतल्यावर हा लॅपटॉप मिटून 'ड्युओ डॉक' नावाच्या पेटीत सरकवायचा. व्हिडिओ कॅसेट आत ओढून घेणाऱ्या व्हीसीआरसारखी मोटर त्याला आत ओढून घेई. आत गेला की तो रंगीत मॉनिटर चालवणारा डेस्कटॉप होई. पेटीत फ्लॉपीचा खण होता, आणि नूबस जातीची कार्डे बसवण्यासाठी दोन स्लॉट होते. ग्राफिक्सचे कार्डही त्यांत बसे.

११/
ड्युओ डॉक मला फार उद्बोधक वाटतो, कारण एकाच पेटीत दोन सांधे होते आणि दोघांचे नशीब वेगळे निघाले. आतला सांधा नूबस. तो मूळ एमआयटीत आकाराला आला, त्याचे मानक प्रसिद्ध होते, आणि १९८७ च्या मॅकिंटॉश टू पासून अनेक मॅकमध्ये तो होता. ड्युओ डॉकमधले नूबस कार्ड काढून दुसऱ्या मॅकमध्ये बसवता येई. बाहेरचा सांधा, म्हणजे लॅपटॉपच्या पाठीमागचा तो लांब कनेक्टर, फक्त ड्युओचा. १९९७ मध्ये ड्युओ मालिका संपली आणि ती मोटर, ती पेटी, ते सारे कौशल्य जागच्या जागी थिजले. त्या डॉकमध्ये सरकवता येईल असा नवा लॅपटॉप पुन्हा निघाला नाही.

१२/
पुढची पंधराएक वर्षे भराभर ओलांडू. २००३ मध्ये पीसीआय एक्सप्रेस आला. आजही ग्राफिक्स कार्ड त्याच भाषेत बोलते. त्याची रचना समांतर मार्गिकांसारखी आहे: डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डाला १६ मार्गिका मिळतात, आणि गरजेनुसार ८, ४ किंवा एका मार्गिकेवरही तेच कार्ड काम करू शकते. केबलवरून कार्ड चालवणे शक्य होते ते या लवचिकपणामुळे.

१३/
जानेवारी २००७ मध्ये असूसने एक्सजी स्टेशन दाखवले. ते लॅपटॉपच्या एक्सप्रेसकार्ड खाचेतून, म्हणजे एकाच मार्गिकेवरून चाले. १६ पदरी रस्त्याची वाहतूक एका पदरात. २००८ मध्ये एएमडीने एक्सजीपी हा खास बाह्य ग्राफिक्ससाठीचा सांधा आणला. आठ मार्गिका, म्हणजे भरपूर वेग. फुजित्सू-सीमेन्सने त्यावर एक डबा काढला, पुढच्या वर्षी एसरच्या एका छोट्या लॅपटॉपवर ते पोर्ट आले, आणि गोष्ट तिथेच संपली. २०११ मध्ये सोनीने वायो झेडसोबत प्रकाशतंतूच्या केबलने जोडला जाणारा डॉक दिला, त्यात रेडिऑन चिप होती. दिसायला देखणा, पण आतली चिप बदलता येत नसे आणि डॉक त्या लॅपटॉपपुरता. २०१४ मध्ये तर सोनीने वायोचा व्यवसायच विकला.

१४/
याच काळात हौशी मंडळी काय करत होती हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. जुने थिंकपॅड घ्यायचे, एक्सप्रेसकार्डच्या खाचेत स्वस्त अडॅप्टर लावायचा, किंवा वाय-फाय कार्ड काढून त्या लहान स्लॉटमधून केबल बाहेर काढायची. तळाचे झाकण उघडेच. पलीकडे उघड्या बोर्डावर ग्राफिक्स कार्ड आणि डेस्कटॉपचा वीजपुरवठा. ओबडधोबड, धोकादायकही. पण एक्सजीपीचा डबा संग्रहातली वस्तू झाला असताना हे अडॅप्टर चालत राहिले, कारण ज्या खाचांवर ते विसंबून होते त्या कोणा एकाच्या नव्हत्या. मोठ्या कंपन्यांच्या देखण्या डॉकपेक्षा या ओंगळ जुळवणीने लोकांना अधिक वर्षे सेवा दिली, असे मी म्हणेन.

१५/
थंडरबोल्टचा प्रवेश २०११ चा. पण बाह्य ग्राफिक्सला त्याचा खरा उपयोग झाला तो २०१५ मध्ये थंडरबोल्ट ३ आल्यावर. नेहमीच्या यूएसबी-सी पोर्टचाच आकार, ४० गिगाबिटांची एकूण क्षमता, त्यातली ३२ पर्यंत पीसीआय एक्सप्रेससाठी. जानेवारी २०१६ मध्ये रेझरने कोअर हा डबा जाहीर केला. त्याच्या जवळपास, २०१४ च्या अखेरीस, एलियनवेअरने ग्राफिक्स ॲम्प्लिफायर काढला होता. दोन्ही डब्यांत साधे डेस्कटॉपचे कार्ड बसे. एलियनवेअरचा डबा स्वस्त होता, आणि त्याच्या स्वतःच्या केबलवर चार मार्गिका थेट मिळत असल्याने वेगातही उणा नव्हता.

१६/
आज त्या दोघांची अवस्था पाहा. एलियनवेअरने काही वर्षांनी आपल्या नव्या लॅपटॉपांवरून ते पोर्टच काढून टाकले; डबा शाबूत, जोडायला लॅपटॉप नाही. रेझरचा तो जुना डबा आजच्या थंडरबोल्ट असलेल्या कोणत्याही कंपनीच्या विंडोज लॅपटॉपला जोडता येतो. असूसची वाटचाल आणखी बोलकी आहे. २०२१ मध्ये तिने एक्सजी मोबाइल हा बाह्य डबा आठ मार्गिकांच्या स्वतःच्या कनेक्टरसह आणला. वेग उत्तम, पण चाले असूसच्या मोजक्या लॅपटॉपांवर. २०२५ च्या आवृत्तीत तिने तो कनेक्टर सोडून थंडरबोल्ट ५ घेतला. मायक्रो चॅनलचा धडा एका कंपनीने चार वर्षांत स्वतःच गिरवला.

१७/
इथे माझ्या मताविरुद्ध जाणारे उदाहरणही मांडायला हवे. मार्च २०१८ मध्ये ॲपलने मॅकवर बाह्य ग्राफिक्सला अधिकृत मान्यता दिली. सांधा थंडरबोल्टचा, म्हणजे सामाईक. लोकांनी डबे घेतले. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले आणि त्यांवर हे डबे चालेनासे झाले. पोर्ट तेच, केबल तीच, ड्रायव्हर नाही. सांधा म्हणजे केवळ तांब्याच्या तारा नव्हेत, दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा समजणारी आज्ञावलीही लागते, आणि ती कंपनी एका रात्रीत काढून घेऊ शकते. हे मला मान्य आहे. तरी ॲपलने सोडलेला थंडरबोल्टचा डबा विंडोज किंवा लिनक्सच्या लॅपटॉपला जोडून मालकाला वापरता आला. ड्युओ डॉकच्या मालकाला ती सोय नव्हती.

१८/
लॅपटॉपच्या आतलेच कार्ड बदलता यावे, हाही जुना ध्यास. एनव्हीडियाने २००४ मध्ये एमएक्सएम हे लहान कार्डाचे मानक आणले. कागदावर सर्वांसाठी एक. प्रत्यक्षात उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांची मांडणी प्रत्येक लॅपटॉपात वेगळी, आणि बायॉस अनोळखी कार्डाला हटकून अडवणार. २०१९ मध्ये डेलच्या एलियनवेअर एरिया-५१एम या लॅपटॉपची जाहिरात भाग बदलता येण्यावर भर देऊन झाली. पुढच्या पिढीची कार्डे त्या पहिल्या मॉडेलसाठी मिळाली नाहीत, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत ग्राहकाने त्याबद्दल न्यायालयात दावा दाखल केला. दाव्याच्या न्यायान्यायात मी शिरत नाही. पण 'बदलता येते' हे क्रियापद कर्त्यावाचून वापरले की काय घोटाळा होतो, हे त्यातून कळते. बदलता येते खरे, पण बदली भाग कोणी बनवायचा?

१९/
या पार्श्वभूमीवर फ्रेमवर्ककडे पाहू. तिचा पहिला लॅपटॉप २०२१ चा, १३ इंची. त्यानंतरची प्रत्येक पिढीचा मदरबोर्ड त्याच सांगाड्यात बसत आला आहे. काढलेला जुना बोर्ड वेगळ्या डब्यात घालून छोटा डेस्कटॉप म्हणून वापरता येतो. त्याच्या कडेला जे लहान ठोकळे सरकवून आपल्याला हवी ती पोर्टे निवडता येतात, त्यांच्या आत साधा यूएसबी-सी आहे. म्हणजे आकार कंपनीचा, पण सांधा जगाचा. ठोकळा काढून दुसऱ्या कोणत्याही यूएसबी-सी पोर्टला लावला तरी चालतो. ही मला त्या लॅपटॉपातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

२०/
२०२३ मध्ये जाहीर झालेला व २०२४ च्या आरंभी लोकांच्या हाती पडलेला १६ इंची लॅपटॉप ग्राफिक्सच्या प्रश्नाला थेट भिडतो. त्याच्या पाठीला 'एक्स्पान्शन बे' आहे. स्क्रू सोडवून अख्खा ग्राफिक्स विभाग पंख्यांसकट काढायचा आणि दुसरा बसवायचा. एमएक्सएमच्या वेळी जे नळ्यांचे दुखणे होते ते इथे मिटले, कारण थंड करण्याची यंत्रणा भागासोबतच येते. सुरुवातीला रेडिऑन आरएक्स ७७००एस होते. ऑगस्ट २०२५ मध्ये जीफोर्स आरटीएक्स ५०७० चा भाग जाहीर झाला, आणि तो आधीच्या ग्राहकांच्या यंत्रातही बसतो. एरिया-५१एमच्या बाबतीत जे घडले नाही ते इथे घडले. याचे श्रेय द्यायलाच हवे.

२१/
तरीही इतिहासाचा विद्यार्थी एका उदाहरणावर नियम बांधत नाही. एक्स्पान्शन बे हा आजतरी एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलाचा सांधा आहे. दुसऱ्या मोठ्या कंपनीने तो घेतलेला नाही. फरक आहे तो एवढाच, पण मोलाचा: त्याची मापे, कनेक्टरची माहिती, आराखडे फ्रेमवर्कने सार्वजनिक केले आहेत. १९८१ ची ती पुस्तिका इथे आहे. १९८३ ची कॉम्पॅक अजून आलेली नाही.

२२/
आणि म्हणूनच त्या लॅपटॉपला बाहेरून कार्ड जोडण्याची वाट महत्त्वाची. ती दोन प्रकारची आहे. एक, त्याच्या यूएसबी४ पोर्टमधून. इंटेलने २०१९ मध्ये थंडरबोल्टचे तंत्र यूएसबीच्या मानक-मंडळाला दिले आणि त्यातून यूएसबी४ घडले, म्हणून थंडरबोल्टचे डबे त्यावर चालतात. दोन, ऑक्युलिंकमधून. हा पीसीआय एक्सप्रेसचे मानक ठरवणाऱ्या मंडळाचाच केबल-सांधा, मूळचा सर्व्हरमधल्या जोडण्यांसाठीचा. एक्स्पान्शन बेमध्ये एम.२ जातीचे स्लॉट देणारा भाग मिळतो. हौशी लोक त्याला अडॅप्टर लावून ऑक्युलिंकची केबल बाहेर काढतात आणि पलीकडे डेस्कटॉपचे कार्ड बसवतात. थिंकपॅडच्या त्या उघड्या झाकणाची ही सुधारित आवृत्ती.

२३/
आकडे सांगते. एक्स्पान्शन बेमध्ये चौथ्या पिढीच्या आठ मार्गिका, म्हणजे सुमारे १२६ गिगाबिट प्रतिसेकंद. ऑक्युलिंकवर चार मार्गिका, ६३ च्या आसपास. यूएसबी४ वरून पीसीआय एक्सप्रेससाठी जास्तीत जास्त ३२, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. ऑक्युलिंकवर केबल जोडण्या-काढण्याआधी यंत्र बंद करावे लागते आणि तिच्यातून लॅपटॉपला वीज मिळत नाही. यूएसबी४ वर चालू यंत्राला डबा जोडता येतो, आणि बऱ्याच डब्यांतून त्याच केबलने लॅपटॉप चार्जही होतो.

२४/
आता तो वजनदार आक्षेप. 'सामाईक सांधा सामाईक असतो, पण तो नेहमी अरुंद असतो. वेगासाठी पैसे मोजणाऱ्याने इतिहासाच्या समाधानासाठी चतुर्थांश रुंदी का पत्करावी?' खेळांच्या बाबतीत हा आक्षेप खराच आहे. विशेषतः चित्र डब्याला लावलेल्या मॉनिटरवर न दाखवता लॅपटॉपच्याच पडद्यावर दाखवायचे असेल तर तयार झालेली प्रत्येक फ्रेम त्याच केबलवरून परत यावी लागते आणि वाट आणखी चोंदते. ज्यांचा सारा उपयोग खेळांचा आहे आणि दर तीन वर्षांनी नवे यंत्र घेण्याची ज्यांची ऐपत आहे, त्यांनी माझे ऐकू नये. त्यांना बंद सांध्याचे तोटे कधी भोगावेच लागणार नाहीत.

२५/
पण सगळी कामे तशी नसतात. माझ्या ओळखीच्या संशोधक विद्यार्थ्यांपैकी काही जण मोडी कागदांच्या छायाचित्रांवरून यंत्राला अक्षरे ओळखायला शिकवण्याच्या खटपटीत आहेत. मोडीत एकाच अक्षराची वळणे लेखकागणिक बदलतात, शब्द तोडलेले नसतात. नमुने भरपूर लागतात आणि कार्डावरची स्मृती मोठी लागते. अशा कामात माहिती एकदा कार्डावर चढली की पुढची गणिते तिथल्या तिथे चालतात. केबल अरुंद असली तरी फारसे बिघडत नाही. कार्डावर १६ गिगाबाइट स्मृती असणे हे १२६ गिगाबिटांच्या सांध्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे. दप्तरखान्यात हलका लॅपटॉप न्यायचा, खोलीवर परतल्यावर जुन्या बाजारातून घेतलेले डेस्कटॉपचे कार्ड त्याला जोडायचे. इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी कार्डेही आहेत, पण दरमहा बिल भरणे शिष्यवृत्तीवर जगणाऱ्याला झेपतेच असे नाही, आणि सर्व दप्तरांचे कागद परक्या संगणकावर चढवण्याची मुभाही नसते.

२६/
किमतीचा मुद्दा टाळता येणार नाही. डबा, वीजपुरवठा, कार्ड, वर मानकाप्रमाणे बनवलेली आखूड केबल: बेरीज केली तर अनेकदा साध्या असेंबल्ड डेस्कटॉपच्या जवळ जाते. ज्याला एकाच जागी बसून काम करायचे आहे त्याने सरळ डेस्कटॉप जुळवावा, हे मी मैत्रिणींना सांगतही असते. लॅमिंग्टन रोड अजून तिथेच आहे. बाह्य कार्डाचा हिशोब जमतो तो दुसऱ्या यंत्राच्या वेळी: लॅपटॉप बदलला आणि डबा तोच राहिला, किंवा डबा तोच ठेवून कार्ड बदलले. हा हिशोब जमण्याची पूर्वअट म्हणजे सांधा तोवर जिवंत असणे.

२७/
युरोपीय संघाने चार्जिंगसाठी यूएसबी-सी सक्तीचा केला. फोनसाठी डिसेंबर २०२४ पासून, लॅपटॉपसाठी एप्रिल २०२६ पासून. विजेचा सांधा अशा रीतीने कायद्याने सामाईक झाला. ग्राफिक्सच्या सांध्यासाठी असा कायदा व्हावा असे मला वाटत नाही. मार्गिकांच्या पिढ्या इतक्या भराभर बदलतात की कायदा कायम मागे राहील. माझी मागणी त्याहून लहान आहे. जी कंपनी 'भाग बदलता येतो' असे सांगून लॅपटॉप विकते, तिने त्या सांध्याची मापे आणि संकेतांची यादी विक्रीच्या दिवशीच प्रसिद्ध करावी, आणि तो सांधा पुढे सोडून दिला तर इतरांना तो बनवण्याची मोकळीक असावी. पुस्तिका छापणे अशक्य नाही. आयबीएमने ती १९८१ मध्ये छापली होती.

२८/
तोवर खरेदीला जाणाऱ्यांनी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. यूएसबी-सी दिसणाऱ्या पोर्टांपैकी कोणत्यात यूएसबी४ किंवा थंडरबोल्ट आहे (आकारावरून कळत नाही, आणि यूएसबी४ लिहिलेले असले तरी पीसीआय एक्सप्रेस चालते का हे वेगळे विचारावे). डब्यात नेहमीचे डेस्कटॉपचे कार्ड बसते की चिप आत पक्की केलेली आहे. आणि हा डबा दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपला जोडून दाखवता येईल का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस घुटमळला तर केबल हातात घेऊन तिच्या दोन्ही टोकांचा कनेक्टर नीट पाहावा.

२९/
पुढचा धागा नूबसवर आणि एमआयटीतल्या त्याच्या जन्मावर असेल. दरम्यान, जुन्या थिंकपॅडच्या एक्सप्रेसकार्ड खाचेतून कोणी ग्राफिक्स कार्ड चालवले असेल, किंवा कोणाच्या माळ्यावर एखादा अनाथ डॉक पडून असेल, तर त्याचे छायाचित्र आणि खरेदीचे वर्ष जरूर कळवा. अशा वस्तूंची एक यादी करते आहे.